शंकेच्या डब्यातला ढोल

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट केंबलात रात्का दिमोव्स्काला घरच्यांखेरीज कोणी कधी रात्का म्हटलं नाही. इथली माणसं नावाचं शेपूट छाटल्याशिवाय कोणाला आपलं मानत नाहीत, आणि रात्काचं छाटून उरलं काय, तर रॅट्स. उंदरं! ती शाळेची बस चालवते. बसमध्ये चढणारी पोरंसुद्धा "गुड मॉर्निंग, मिस रॅट्स" म्हणतात, आणि ती आरशातून डोळे वटारून म्हणते, "आधी बूड टेका, मग मॉर्निंग." साठी कधीच उलटली बाईची, पण आवाज असा खणखणीत, की मागच्या सीटखाली चिकटवायला काढलेला च्युइंगम मुकाट परत तोंडात जातो.

लहानपणी ती आईबापाबरोबर मॅसेडोनियातून आली. बाप पोलादाच्या कारखान्यात कोळशाचा कोक करायच्या भट्टीवर लागला. घरात पहिली चैनीची वस्तू आली ती ना फ्रिज ना सोफा, तर टेपरेकॉर्डर. कारण गावाकडच्या आजीला वाचता येत नव्हतं. रविवारची जेवणं झाली की सगळे टेबलाभोवती बसून आजीशी बोलायचे आणि ती कॅसेट पोस्टानं गावी जायची. बटण दाबायचं काम रात्काचं. बापाचा खोकला, आईचे हुंदके, शेजाऱ्याच्या गवत कापायच्या यंत्राची घरघर, सगळं त्यात जायचं. मग कधी तरी तिकडून आजीचा आवाज यायचा, मागे कोंबड्यांचा कलकलाट. आवाज धरून ठेवता येतो हे त्या पोरीला तेव्हा कळलं, आणि तिचं डोकं जे फिरलं ते फिरलंच.

ती हाताशी आली तेव्हा गावातल्या पबांत गॅन्ट्रीज वाजवायला लागले होते. चौघं जण, चौघंही कारखान्यातले, बँडचं नावही तिथल्या माल उचलायच्या अवजड यारीवरून, म्हणजे क्रेनवरून, घेतलेलं. रॉक बँड म्हणून त्यांनी आयुष्यात रेकॉर्ड काढली एकच, आणि तीही कशी, तर गाणी धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवल्यासारखी. खरे गॅन्ट्रीज ऐकायचे ते शुक्रवारी संध्याकाळी, पबमध्ये, सांडलेल्या बिअरला बूट चिकटत असताना. गाणारा हेनो. आवाज म्हणजे खडीवरून ओढलेलं फावडं, पण ते फावडं थेट काळजावरून फिरायचं. आणि एकच गाणं तो दोन शुक्रवार सारखं म्हणेल तर शपथ! ज्या संध्याकाळी तुम्ही पबमध्ये नव्हता, त्या संध्याकाळचं गाणं तुमचं गेलं. कोणी चोरून टेप केलं असेल तरच मिळायचं.

चोरून टेप करणाऱ्यांत रॅट्सचा हात कोणी धरू शकत नव्हतं. तेव्हा ती केकच्या दुकानात होती. पबच्या दारावरचे दांडगे लोकांच्या पिशव्या उलट्यापालट्या करायचे, रेकॉर्डर सापडला की जप्त. हिच्या हातात मात्र केकचा खोका. वर खोबऱ्यात घोळवलेल्या लॅमिंग्टनचा थर, खाली बापाचा टेपरेकॉर्डर, खोक्याला बाजूनं भोकं. दारावरच्या माणसाला दोन लॅमिंग्टन दिले की तो तोंड भरलेल्या अवस्थेत हातानंच म्हणायचा, जा बाई, जा.

अशा वेड्यांचा मग एक कंपू जमला, आणि वेड्यांचे असतात तसे त्यांचे नियम फार कडक. टेप विकायची नाही म्हणजे नाही. टेपच्या बदल्यात टेप द्यायची. कॉपीची कॉपी असेल तर तसं वर लिहायचं, पणतूला आजोबा म्हणून खपवायचं नाही. मूळ टेपवरून एकदाच कॉपी काढायची आणि मूळ टेप ज्याच्या त्याच्या घरी बंद, कारण प्रत्येक वेळी वाजवली की ती झिजते. आणि कॉपी काढताना फक्त गाणी घ्यायची. मधली बडबड, टाळ्या, ग्लासांचा खणखणाट आला की पॉज. कॅसेटवर जागा किती, त्यात लोकांचं खाकरणं कोण ऐकणार? रॅट्सच्या कॉप्या सगळ्यांत स्वच्छ. गाण्याचा शेवटचा सूर विरला रे विरला की तिचं बोट बटणावर. तिला त्याचा कोण अभिमान!

या कंपूचा म्होरक्या मर्व्ह स्टॅनहोप. कारखान्यात यारी चालवायचा. हिवाळ्यातही अर्ध्या चड्डीत फिरणारा, मोठ्या मनाचा आणि त्याहून मोठ्या आवाजाचा माणूस. कोणाची गाडी बंद पडली तर ढकलायला पहिला, पण गॅन्ट्रीजच्या बाबतीत ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. सगळ्यांच्या कॉप्या त्याच्याकडे. खऱ्या ठरलेल्या कपाटात, आणि ज्यांच्याबद्दल खात्री नाही त्या एका बिस्किटाच्या डब्यात. डब्यावर त्यानं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं: शंका.

आता त्या शुक्रवारची गोष्ट. कारखान्यानं माणसं काढली त्या वर्षीचा फेब्रुवारी, म्हणजे इथला ऐन उन्हाळा. उकाड्यानं जीव नुसता कासावीस. रात्काचं टोमेशी नुकतंच लग्न झालं होतं आणि त्याच आठवड्यात टोमेच्या हातात घरी बसायचं पत्र पडलं. त्या दुपारी काढलेल्या कामगारांचा मोर्चा निघाला आणि मोर्च्यापुढे टोमे ढोल वाजवत चालला. तपान म्हणतात त्याला. आपल्या ढोलाचा सख्खा भाऊ, गळ्यात अडकवायचा, एका हातात जाड दांडकं, दुसऱ्या हातात बारीक छडी. मोर्चा संपला तसा सगळा जमाव घामाघूम होऊन पबमध्ये घुसला. टोमेनं ढोल भिंतीला टेकवला. रॅट्स केकचा खोका मांडीवर घेऊन रंगमंचाजवळच्या टेबलावर बसली.

गॅन्ट्रीजचं शेवटचं गाणं ठरलेलं, 'नॉक-ऑफ', म्हणजे कारखान्याची पाळी सुटण्याचं गाणं. त्या संध्याकाळी मात्र हेनोनं टोमेला वर बोलावलं. टोमे चढला, दोन-चार कडवी बँडच्या मागे मागे वाजवत राहिला आणि मग हळूच त्यानं गाणं आपल्या लग्नाच्या तालावर ओढून नेलं. तो ताल एक पाय आखडून नाचणाऱ्या माणसासारखा, लंगडा आणि मस्तीखोर. बँडचा ड्रमवाला आधी गोंधळला, मग दात काढून हसला आणि मागे लागला. हेनो गातोय, ढोल घुमतोय, आणि सकाळपर्यंत मान खाली घालून बसलेली बेकार माणसं टेबलं बडवताहेत. असं गाणं त्या गावात पुन्हा झालं नाही. होणार कसं? हिवाळ्याआधीच दौऱ्यावर असताना बँडची गाडी हमरस्त्यावर उलटली आणि हेनो गेला.

रॅट्सनं नेहमीसारखी स्वच्छ कॉपी काढली आणि मर्व्हकडे नेली. मर्व्हनं ती ऐकली, परत ऐकली आणि मान हलवली.

"रॅट्स, हा हेनो नव्हे. हेनोला कोणी चिमटा काढल्यासारखा आवाज येतोय."

"बॅटऱ्या उतरल्या होत्या माझ्या. टेप हळू फिरली, म्हणून आता आवाज वर लागतोय. तुला मी शिकवू का हे?"

"बरं, मग हा ढोल कुठला? हा तुमच्या मॅसेडोनियन हॉलमधला लग्नाचा बँड आहे गं. ते गॅन्ट्रीजची गाणी वाजवतात, मी कानांनी ऐकलंय. टोमेच असतो ढोलावर."

"अरे, टोमेच आहे! पण पबमध्ये, हेनोबरोबर!"

"हे बघ, मी होतो त्या शुक्रवारी. पहिल्यापासून शेवटपर्यंत. मोर्चा मला आठवतो, उकाडा आठवतो. ढोल नव्हता."

रॅट्सच्या अंगाचा तिळपापड झाला. "म्हणजे मी खोटी?"

"तसं कुठे म्हणालो? मूळ टेप आण, सगळ्यांसमोर लाव. खरं निघालं तर माझ्या हातानं कपाटात ठेवीन."

"माझा शब्द पुरत नाही तुला?"

"इथं शब्द नाही गं चालत, टेप चालते. म्हणून तर आपण जमतो."

"मग बस त्या डब्यावर अंडी उबवत!" असं म्हणून तिनं दार आपटलं, आणि ते दार पुढे वर्षानुवर्षं आपटलेलंच राहिलं. ती कंपूत यायची, टेपा द्यायची-घ्यायची, मर्व्हशी बोलायची, भांडायची. पण त्या टेपचा विषय निघाला की तोंडाला कुलूप. मूळ टेप आणली असती तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण नाही म्हणजे नाही. मॅसेडोनियन हट्ट आणि पोर्ट केंबलाचं पाणी, दोन्ही एका बाईत उतरलं की देवही हात टेकतो.

भोगलं मात्र टोमेनं. त्याला पुढे काँक्रीट ओतायचं काम मिळालं. माणूस मऊ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आयुष्यात बढाई मारावी अशी त्याची एकच गोष्ट होती आणि तीच कोणी खरी मानेना. लग्नात दोन घोट पोटात गेले की तो म्हणायचा, "मी गॅन्ट्रीजबरोबर वाजवलंय," आणि पोरं डोळे मिचकावायची. "हो टोमे काका, आणि चंद्रावर कधी गेला होतात?" तोही हसायचा. रॅट्सला मात्र ते हसू बघवायचं नाही. त्या संध्याकाळची माणसं कामाच्या शोधात देशभर पांगली होती, आणि उरलेल्यांना मर्व्ह म्हणायचा, टेप दाखवा. कोणी तरी बँडच्या गिटारवाल्याला फोन करून विचारलं, तर तो पठ्ठ्या म्हणाला, "ती सबंध दहा वर्षं मला आठवत नाहीत. त्यात माझं लग्नही झालं म्हणतात." झालं! तीही वाट बंद.

चार हिवाळ्यांपूर्वी टोमे गेला. छातीच्या दुखण्यानं नेलं त्याला. मर्व्ह मयताला आला, पहिल्यांदाच पूर्ण विजार घालून आला. डोळे पुसले, भलं मोठं पातेलं भरून रस्सा आणून दिला, कुंपणाची मोडकी फळी न सांगता ठोकून गेला. पण टेप? टेप तिथंच, बिस्किटाच्या डब्यात. अशा माणसावर धड रागावताही येत नाही, हे रॅट्सचं दुखणं.

या वर्षी मेमध्ये नोएलीन बस डेपोत येऊन तिच्यासमोर उभी राहिली. नोएलीन म्हणजे बोलिंग क्लबचा बार सांभाळणारी, कंपूतली यंत्रं दुरुस्त करणारी, आणि रॅट्सची मैत्रीण म्हणावं तर सगळ्यांत जुनी.

"ऐकलंस का? राज्याच्या ग्रंथालयाला आपल्या सगळ्या टेपा हव्यात. कायमच्या जपून ठेवणार, कोणालाही ऐकता येणार. जूनमध्ये आपण सगळे क्लबात जमतो ना, त्यानंतर त्यांची माणसं गाडी घेऊन येताहेत."

"छान झालं. मर्व्हचं कपाट मोकळं होईल."

"कपाट मोकळं होईल, रॅट्स. डबा नाही. डब्यातलं काही ते नेणार नाहीत. शंका असलेलं नको म्हणाले."

रॅट्सनं बसच्या पायऱ्या झाडल्या. झाडलेल्याच पुन्हा झाडल्या.

"म्हणजे," नोएलीन म्हणाली, "पन्नास वर्षांनी कोणी विचारलं गॅन्ट्रीज कोण, तर सगळं मिळेल. टोमे तेवढा मिळणार नाही."

"कळतंय मला! बहिरी आहे का मी?"

"मग मूळ टेप काढ."

"ती आता तुटली तर?"

"आणि न वाजवताच सडली तर?"

रॅट्स पायरीवर बसली. टोमे असताना मी नाक वर करून हिंडले, त्याच्यासाठी एक कॅसेट लावली नाही. केवढी वर्षं! तिचा स्वतःवरचा राग तिच्या डोळ्यांवाटे आला. नोएलीननं खिशातून कळकट रुमाल काढून दिला. तो बघून रॅट्स म्हणाली, "हा इंजिन पुसायचा आहे ना?" आणि मग दोघी हसल्या.

मूळ टेप निघाली ती आईच्या कपड्यांच्या पेटीतून. कॅसेटच्या आतली कापसाची गादी गळून पडलेली, फीत कडेला सुरकुतलेली. नोएलीननं ती उघडून फीत नव्या कॅसेटमध्ये घातली आणि म्हणाली, "एकदा जाईल. दुसऱ्यांदाची हमी मी देत नाही. घरी वाजवून बघायची नाही, थेट सगळ्यांसमोर. वाजेल तेव्हाच तिची कॉपीही करून घेऊ."

जूनचा रविवार. दुपारी क्लबचा हॉल गच्च भरला. वोलोंगाँगहून, सिडनीहून, एक जण तर पार ॲडलेडहून आलेला. सॉस घातलेल्या मटणाच्या पाईंचा आणि हिवाळी पावसात ओल्या झालेल्या लोकरीचा वास. मर्व्ह नेहमीप्रमाणे अर्ध्या चड्डीत, मधोमध खुर्ची टाकून. बिस्किटाचा डबा त्याच्या पायाशी.

"लोकहो," तो उठून म्हणाला, "रॅट्सनं मूळ टेप आणलीय. मी कुठल्या बाजूचा आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण ऐकायचं ते कान उघडे ठेवून. कोणी मध्ये बोललं तर त्याला बाहेरच्या गवतावर उभं करीन."

"तू स्वतः गप्प बसलास तरी पुष्कळ," मागून कोणी तरी म्हणालं, आणि हॉल खदखदला.

रॅट्स यंत्राशेजारी जाऊन उभी राहिली.  नोएलीननं बटण दाबलं. खरखर. मग गॅन्ट्रीज, पण आवाज चिरका, पळता.

"हेच ते," मर्व्ह पुटपुटला. "चिमटा."

नोएलीननं यंत्राची चकती फिरवून वेग जरा उतरवला. आवाज खाली आला, अजून खाली, आणि एका क्षणी खडीवरून फावडं ओढलं गेलं. हॉलमध्ये चाळीसएक माणसं एकदम सरळ बसली. हेनो! दुसरा कोण असणार? ॲडलेडवाला कुजबुजला, "गिटारची तिसरी तार उतरलेली आहे बघ, फेब्रुवारीभर उतरलेली होती." मर्व्हनं मान डोलावली. "हेनो आहे. कबूल. पण ढोल कुठाय?"

गाणं संपलं. फितीवर टाळ्या, खुर्च्यांची ओढाओढ, आणि मग पबच्या मालकाचा आवाज माईकवर.

"थांबा रे, थांबा! गाणी कुठे पळून जात नाहीत. आधी मटणाची सोडत! तिकिटं बघा. निळं, एकोणसाठ!"

हॉलमध्ये हशा पिकला. दर शुक्रवारची ती सोडत, चॉप्स आणि सॉसेजचा भरलेला ट्रे! कोणाच्याही कॉपीवर ती उरली नव्हती, सगळ्यांनी पॉज दाबून छाटलेली. रॅट्सही हसली. तिनंही छाटली होतीच की, न ऐकता फीत पुढे पळवून; आणि त्या संध्याकाळी तर टोमेला सोडून तिचं लक्ष होतं कुठे?

फितीवर कोणी तरी पबच्या मागच्या कोपऱ्यातून ओरडलं, "माझं! इकडे, इकडे! एकोणसाठ!"

"मर्व्ह स्टॅनहोप!" मालक म्हणाला. "लेका, मागच्या शुक्रवारीही तूच! चॉप्स आधी घरी ने बाबा. या उकाड्यात ठेवलेस तर आपल्या पायांनी चालत जातील."

"हा गेलो नि हा आलो! माझ्या ग्लासाला कोणी हात लावाल तर याद राखा!"

दार धाडकन आपटलं. पब हसला. आणि हेनो, माईकच्या अगदी जवळ तोंड नेऊन, सावकाश म्हणाला, "चला, मर्व्ह गेला. आता बोलायला मोकळे. ए भिंतीजवळच्या, ते एवढं मोठं पिंप काय शोभेला आणलंयस? घे गळ्यात आणि ये वर."

 हॉलमधल्या सगळ्या माना मर्व्हकडे वळल्या. मर्व्हचं तोंड उघडं. कानापासून मानेपर्यंत तो लाल होत गेला.

"चॉप्स," तो म्हणाला. "अरे देवा. चॉप्स! बायकोनं, बेरिलनं, लगेच तव्यावर टाकले. मी जेवलो आणि... आडवा झालो." त्यानं दोन्ही हात डोक्याला लावले. "शेवटपर्यंत थांबलो होतो तो आदल्या शुक्रवारी. गेली चाळीस वर्षं मी आदल्या शुक्रवारची साक्ष देतोय!"

जो काही हास्याचा स्फोट झाला म्हणता! ॲडलेडवाला खुर्चीवरून घसरला. कोणी तरी "निळं एकोणसाठ!" म्हणून बोंब ठोकली. नोएलीनचा हात यंत्राकडे गेला, तशी रॅट्स किंचाळली, "थांबवू नकोस! चालू दे! ऐका, मूर्खांनो, ऐका!"

आणि ढोल आला.

आधी नुसतं दांडकं, बिचकत. मग छडीची तडतड. क्लबचे भोंगे मोठे, जमीन लाकडाची. घुमारा पायांतून वर चढायला लागला. हेनोनं 'नॉक-ऑफ' उचललं आणि टोमे मागे मागे चालला, चालला, आणि मग त्यानं ते गाणं खुशाल आपल्या घरी नेलं. तो लंगडा, मस्तीखोर ताल हॉलभर नाचू लागला. हसणं कुठल्या कुठे गेलं. मर्व्ह उभा राहिला. त्यानं टोपी काढली. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. मागे एकानं टेबलावर थाप मारली, दुसऱ्यानं मारली, आणि बघता बघता फितीवरचा पब नि समोरचा हॉल एकाच तालावर टेबलं बडवू लागले. ज्या पोरांनी टोमे काकाला चंद्रावर पाठवलं होतं, ती आता टक्कल पडलेली पोरं बाया-माणसांचे हात धरून खुर्च्यांमधून गोल नाचायला लागली. पावलं एकाचीही बरोबर नव्हती. रॅट्स यंत्राजवळ उभी होती, हात छातीशी घट्ट, आणि मोठमोठ्यानं म्हणत होती, "माझा नवरा! माझा नवरा आहे तो!"

शेवटचा ठोका पडला. फितीवर टाळ्यांचा कल्लोळ उठला, आणि सवयीनं रॅट्सचं बोट बंद करायच्या बटणावर गेलं.

मर्व्हनं तिचं मनगट धरलं. "राहू दे गं. या खेपेला सगळं राहू दे."

टाळ्या चालूच. खुर्ची सरकल्याचा आवाज, पुठ्ठ्याच्या खोक्याची खसखस. मग अगदी जवळून, धापा टाकत, हसत, तरुण टोमे त्यांच्या भाषेत काही तरी बोलला. खोक्यातलं यंत्र अजून चालू होतं, हे तेव्हा दोघांनाही कळलं नव्हतं. कॉपी काढताना रॅट्स टाळ्यांपाशीच थांबली होती, त्यामुळे हे तिनं आजवर ऐकलंच नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

 मर्व्हनं हळू विचारलं, "काय म्हणाला तो?"

रॅट्सनं तोंडावरचे हात काढले. "म्हणतोय... रात्का, सगळं आलं का गं त्यात?"

मर्व्ह स्टॅनहोपनं छातीत श्वास भरून घेतला. त्याचा आवाज गावात सगळ्यांत मोठा, आणि आज पहिल्यांदा तो योग्य कामाला लागला.

"आलं रे, टोमे!" तो भोंग्यांकडे तोंड करून ओरडला. "सगळं आलं!"

"आलं, टोमे!" सगळा हॉल ओरडला. परत ओरडला. फीत संपून यंत्राचं बटण खटकन वर आलं तरी कोणी थांबेना, आणि त्या गदारोळात रात्का रडत, हसत, आपल्या भाषेत त्याला एकटीच सांगत राहिली, आलं रे, आलं.